तीन पहारेकरी आणि खारवाडीच्या बायका

रत्नागिरी,
२० ऑक्टोबर २०२३

चि. राहीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्यावर ओरडलो. ओरडायचं दुसऱ्यावर होतं, तू मध्ये सापडलीस. म्हणून आता कागदावर लिहितो. कागदावर कितीही ओरडलं तरी समोरच्याच्या कानाला त्रास होत नाही. तूही पत्रानेच उत्तर दे. फोनवर मी कोणाचं ऐकून घेत नाही असं तुझी काकू म्हणते. चाळीस वर्षं व्यासपीठावर काढल्यावर तिचं म्हणणं खरं असणार.

काल सकाळी कॉम्प्युटर लावला. खारवाडीच्या बायकांच्या जबान्या जिथे आहेत ती फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि आकडे यांचा शेवाळासारखा लगदा. दुसरी उघडली, तेच. त्रेचाळीस फाइली, त्रेचाळीस लगदे. मराठी टाइप करायचा आपला जुना प्रोग्रॅम शोधला, तर तो जागेवर नाही. सावंतवाडीच्या ज्या गृहस्थाने तो घरी बसून बनवला, ते वारले. सीडी होती, तिला बुरशीने खाल्लं. पंचवीस वर्षं मी त्याच्यावर लिहितो आहे. त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला वाचता येत नाहीत, हे तुला माहीत आहे.

कोपऱ्यात एक चौकोन आला होता. त्याचा अर्थ शब्दकोश घेऊन लावला. माझा प्रोग्रॅम म्हणे कीबोर्डच्या कळा चोरतो, म्हणून त्याला पकडण्यात आलं आहे. मी माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या भाषेत लिहितो आणि त्याची नोंद घरफोडी म्हणून होते. जगातल्या हजारो प्रोग्रॅमना ही मंडळी ओळखतात, खेळांना आणि जुगारालासुद्धा. ज्यावर माणूस मराठीत 'अ' लिहितो, तेवढं त्यांना संशयास्पद वाटतं. हा कोणाचा न्याय?

या जबान्या म्हणजे काय, ते गणपतीत तुला सांगितलं होतं. खारवाडीच्या बायका खाडीच्या चिखलात मुळे, म्हणजे शिंपल्या, काढतात, खडकावरची कालवं काढतात आणि बाजारात विकतात. त्यांच्या सासवांनी हेच केलं. आता एक हॉटेल कंपनी ती सगळी जागा कुंपण घालून घेते आहे. सरकारी पाहणीच्या अहवालात लिहिलंय, 'सदर जागेवर उपजीविकेचा कोणताही वापर आढळून आला नाही.' अठ्ठावीस नोव्हेंबरला जनसुनावणी आहे. त्या दिवशी बायकांच्या जबान्या समोर ठेवता आल्या नाहीत, तर कुंपण उभं राहिलं म्हणून समज. चार महिने घरोघर बसून मी त्या घेतल्या.

आता गुन्हेगार कोण ते ऐक. या घरात दर गणपतीत जो चाकरमानी येतो तो आरती झाली की माझ्या कॉम्प्युटरला हात लावतो. यंत्र घेतलं तेव्हा हर्षदने, बाजारपेठेतल्या दुकानदाराने, एक सुरक्षा सॉफ्टवेअर घातलं होतं. रितेश मुंबईहून आला, म्हणाला, काका, हे काय जुनं ठेवलंय, आणि त्याने आपलं घातलं. दोन दिवसांनी तू आलीस आणि तिसरं घातलंस. एका दारावर तीन पहारेकरी, तिघे एकमेकांना चोर समजतात आणि घरधनी बाहेर उभा. यंत्र इतकं मंद झालं की एक ओळ उमटेपर्यंत चहा निवायचा.

सोमवारी मी तीन दिवसांसाठी चिपळूणला व्याख्यानांना गेलो, तेव्हा तू पुण्याहून यंत्र जोडून साफ केलंस असं तुझी मालनकाकू म्हणाली. त्याबद्दल शाबास. पण बुधवारी तिने हर्षदला बोलावलं. तो तासभर बसला, काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, आणि गुरुवारी माझी मराठी गेली. यापुढे मला पुरावा नको. हा मुलगा माझ्या वर्गात होता. निबंध उतरवून काढायचा.

मला दोन गोष्टी कळव. गेलेलं परत येईल का, आणि या जुन्या यंत्राला व मराठीला चालेल असा एकच पहारेकरी कोणता.

तुझा,
हरिकाका


पुणे,
२५ ऑक्टोबर २०२३

ती. हरिकाकांना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

तुमचा प्रोग्रॅम चोर नाही, पण तो काम चोरासारखं करतो. तुम्ही कळ दाबली की ती विंडोजपर्यंत पोचण्याआधी तो ती मध्येच पकडतो आणि तिचं मराठी अक्षर करून पुढे पाठवतो. लोकांचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही असेच मध्ये बसून कळा पकडतात. पहारेकऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, तुमची हालचाल तेवढी दिसते. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम त्यांच्या ओळखीच्या यादीत असतात. सावंतवाडीच्या एका माणसाने घरी बनवलेला कसा असणार? यात तुमचा राग योग्य आहे, काका. यादी करणाऱ्यांनी आपल्याला कधी विचारलेलंच नाही.

पहारेकरी निवडताना हे बघायचं. एका यंत्रावर एकच ठेवायचा. दोन असले की दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांना अडवतात आणि यंत्र बसतं. तुमच्याकडे विंडोजची जुनी आवृत्ती आहे, म्हणून तो त्या आवृत्तीवर चालतो असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं हवं; नाहीतर वर चढतो पण नवी माहिती घेत नाही, आणि नुसता खुर्चीवर बसून राहतो. यंत्राची मेमरी कमी आहे, तेव्हा हलका हवा. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'हा प्रोग्रॅम माझ्या विश्वासातला आहे, याला हात लावू नकोस' असं सांगायची सोय त्यात हवी. काहींत ती असते, काहींत विकतच्या आवृत्तीतच असते. महिनाभर फुकट वापरून बघायला मिळतो. त्या महिन्यात मराठी टाइप करून बघायचं, छापून बघायचं, मगच कायमचा घ्यायचा. आम्ही तिघांनी यातलं काहीही न बघता घातले. मीसुद्धा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. गेलेलं परत येतं की नाही, हे ते कसं गेलं त्यावर आहे. हर्षदने बुधवारी नेमकं काय केलं, ते मला इथून सांगता येणार नाही. तुम्ही सध्या यंत्र चालू करू नका. मी दिवाळीत यायचा प्रयत्न करते, पण सुट्टीचं नक्की नाही.

काकूला नमस्कार. तिला म्हणावं, गुडघ्याचा पट्टा लाव, नुसता खुंटीला अडकवून ठेवू नको.

तुमची,
राही


रत्नागिरी,
४ नोव्हेंबर २०२३

चि. राहीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. विज्ञान कळलं. 'खुर्चीवर बसून राहतो' हे वाक्य मी पुढच्या भाषणात वापरणार आहे, कोणाबद्दल ते विचारू नकोस.

पण हर्षदबद्दल तू फार सांभाळून लिहिलंस. तुझा स्वभाव. माझा तसा नाही. दसऱ्याला लांज्याला माझं व्याख्यान होतं, विषय 'आपली भाषा, आपली जबाबदारी'. त्यात मी त्याचं नाव घेतलं. आडून बोलणं मला जमत नाही. म्हणालो, रत्नागिरीच्या बाजारपेठेत हर्षद नावाचा एक दुकानदार आहे, माझाच विद्यार्थी. त्याने त्रेचाळीस कष्टकरी बायकांचं तोंड एका बटणाने बंद केलं, कारण मराठी काय असते ते त्याला माहीतच नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. चार दिवसांनी कळलं की आमच्या शाळेच्या समितीने त्याच्याकडचं संगणक कक्षाचं काम काढून घेतलं. सहा वर्षं तो ते बघत होता. समितीतला एक जण फोनवर म्हणाला, 'सर, तुम्ही बोललात म्हणजे झालं.' मला त्यात समाधान वाटलं. का लपवू?

हर्षद परवा दाराशी आला होता. म्हणाला, 'सर, एकदा यंत्र बघू द्या. मी फक्त रितेशदादांचं सॉफ्टवेअर काढलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. नोंद आत असते, तारखेसकट.' मी म्हणालो, 'नोंदी करणाराही तूच आणि दाखवणाराही तूच.' तो पायऱ्या उतरला. मालन आतून म्हणाली, 'पाणी तरी विचारायचं.' मी नाही विचारलं.

खारवाडीला रोज जातो आहे. जबान्या पुन्हा घ्यायला लागल्या, आता हाताने. यावेळी मी एक रीत बदलली. पूर्वी बायका बोलायच्या, मी ऐकायचो आणि घरी येऊन नीट वाक्यांत बसवायचो. आता तेवढा वेळ नाही. त्या बोलतात तसं तिथेच उतरवून घेतो आणि अंगठा किंवा सही घेतो. हात दुखतो. गोदाक्का, त्यांच्यातली सगळ्यात वडील, मला म्हणाली, 'मास्तर, मागच्या येळेला तुमी लिवतच नव्हता, मान डोलवत व्हता. आमी म्हटलं, ह्यांच्या ध्यानात कसं ऱ्हातं?' गंगा म्हणून तिची सून आहे, ती हसून म्हणाली, 'ध्यानात ऱ्हात नसंल, म्हणून तर परत आले.' मी त्यांना कॉम्प्युटरची हकीकत सांगितली. त्यांना ती फारशी पटलेली दिसली नाही.

आजपर्यंत सतरा झाल्या. दिवस चोवीस उरले. दिवाळीत बायकांना वेळ नाही. त्रेचाळीस होणार नाहीत, हे मला दिसतं आहे. ते जे काही परत येण्यासारखं असेल ते आण. तू इतकी शिकलेली आहेस, मग एक प्रोग्रॅम परत आणता येत नाही?

हरिकाका


पुणे,
११ नोव्हेंबर २०२३

ती. हरिकाकांना नमस्कार.

हे पत्र मी वीस दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं.

तुमचा प्रोग्रॅम मी काढला. सोमवारी, सोळा ऑक्टोबरला. काकूने यंत्र लावलं, पडद्यावरचा आकडा मला सांगितला आणि मी इथून आत आले. मी घातलेल्या सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत सात नावं दाखवली. वाचली नाहीत. ऑफिसात आम्ही दिवसाला शंभर यंत्रांवर हेच करतो, 'सगळे हटवा' दाबतो आणि पुढच्याकडे जातो. तसंच दाबलं. त्या सातांत तुमचा होता.

तुमचं पहिलं पत्र वाचताना तिसऱ्या ओळीला मला कळलं. तुम्ही 'शाबास' लिहिलं होतंत, आणि माझ्या हातून खरं लिहिलं गेलं नाही. वाटलं, दिवाळीत येऊन गुपचूप दुरुस्त करीन, कोणाला कळणार नाही. मग सुट्टी मिळाली नाही. हर्षदबद्दल 'मला सांगता येणार नाही' हे लिहिलं ते खोटं होतं. मला नक्की सांगता येत होतं. लांज्याचं वाचल्यावर दोन दिवस मी जेवले नाही, पण त्याने हर्षदचं काम परत आलं नाही.

आता जे लगेच व्हायला हवं ते. पकडलेले प्रोग्रॅम हे सॉफ्टवेअर लगेच नष्ट करत नाही. कोठडीत ठेवतं, तीस दिवस. मग आपोआप पुसतं. तीस दिवस पंधरा तारखेला भरतात. दिवाळीच्या सुट्ट्यांत पत्र त्याच्या आत पोचणार नाही, आणि तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून आज मी हर्षदला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'उद्या लक्ष्मीपूजन आहे, दुकानाची पूजा संध्याकाळी. सकाळी जातो. पण सर दार उघडतील का?' मी म्हटलं, काकूला सांगते.

माझ्यावर ओरडा. फोनवर ओरडलात तरी चालेल.

राही


रत्नागिरी,
१३ नोव्हेंबर २०२३

चि. राही,

तुझे काका पत्र लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. त्यांची आणि तुझी ही पत्रं चालू झाल्यापासून घरात दुसरं कोणी बोलतच नाही.

काल हर्षद साडेनऊला आला. हे खारवाडीला गेले होते. दिवाळीच्या दिवशी त्या बायकांना फराळ करू देत नाहीत हे. मी मागच्या दाराने घेतला त्याला. चकली दिली, खाल्ली नाही. आधी यंत्र बघतो म्हणाला. तास दीड तास लागला. तुमच्या त्या कोठडीतून त्याने तो मराठीचा बाहेर काढला, तुझा पहारेकरी काढला आणि आपला जुना एकटा ठेवला. म्हणाला, 'काकू, हा यंत्राला झेपतो आणि याला सांगून ठेवता येतं की मराठीवाला घरचा आहे.' मग दोन फाइली उघडून दाखवल्या. मला वाचता आल्या. त्याने सगळ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या अक्षरांत करून ठेवली, म्हणजे पुढे कुठल्याही यंत्रावर उघडतील.

तेवढ्यात हे आले. दारात उभे राहिले. हर्षद उठला, म्हणाला, 'सर, ही नोंद. सोळा तारीख, संध्याकाळी साडेसात. मी अठराला आलो होतो.' ह्यांनी चष्मा लावून ती वाचली. ते वाचेपर्यंत मी तुझ्या फोनचं सांगून टाकलं. मला वाटलं आता गर्जना होणार. काही नाही. हर्षद गेला, तेव्हा हे त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेले, पण बोलले काय ते ठाऊक नाही. एवढा बोलणारा माणूस, गेटाची कडी उघडत बसला होता.

रात्री जेवताना म्हणाले, 'त्या मुलीने मला खोटं लिहिलं.' मी म्हटलं, 'आणि तुम्ही न विचारता ऐकवलंत. ते माइकवर.' तेव्हापासून यंत्रासमोर बसून जुन्या जबान्या वाचताहेत, आणि शेजारी हाताने लिहिलेल्या ठेवल्यात.

फराळाचा डबा पाठवते. करंज्या थोड्या फुटल्या आहेत.

मालनकाकू


रत्नागिरी,
२९ नोव्हेंबर २०२३

चि. राहीस आशीर्वाद.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू मला फसवलंस, आणि स्वतः लपायला एका गरीब माणसाला पुढे उभं केलंस. हे लिहून ठेवतो, म्हणजे तोंडाने परत परत म्हणावं लागणार नाही. पण माझ्यावरचा राग त्याहून मोठा आहे, आणि त्याला पत्ता नाही, म्हणून तुलाच लिहितो.

यंत्रातल्या त्रेचाळीस जबान्या परत आल्या. मी त्या हाताने लिहिलेल्या सव्वीसांशी ताडून पाहिल्या. आणि राही, मला माझाच संताप आला. यंत्रातल्या सगळ्या जबान्या एकाच बाईच्या आहेत, आणि ती बाई मी आहे. गोदाक्का म्हणते, 'ही खाडी आमची माउली असून भांडवलशाहीच्या करवतीखाली तिची मान दिली जात आहे.' गंगाही तेच म्हणते. कमळाही. गोदाक्काने आयुष्यात 'भांडवलशाही' हा शब्द उच्चारलेला नाही. त्या बोलल्या होत्या, मी ऐकलं होतं, आणि घरी येऊन त्यातलं मला जे जोरदार वाटलं नाही ते काढून टाकलं होतं. वाचलंही नाही पुन्हा.

हाताने लिहिलेल्या गोदाक्काच्या जबानीत हे आहे, जसंच्या तसं: 'आमी मुळं काढतो ती ओहोटीला. अवसेला आन पुनवेला ओहोटी जोरात असते, तवा चिखल उघडा पडतो, सकाळी सहाला आन संध्याकाळी सहाला. दुपारी बाराला खाडी भरलेली. सायेब आले ते अवसेला, दुपारी बाराला. मी बघितलं त्यांना धक्क्यावर. पान्याकडं बघून गेले.' हे तिने मला जूनमध्येही सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं, तपशील आहे, भाषणात चालणार नाही.

सरकारच्या अहवालातल्या 'वापर आढळून आला नाही' याचं उत्तर जूनपासून माझ्या घरात पडून होतं आणि मी ते पुसलं होतं.

काल सुनावणी झाली. हाताने लिहिलेल्या सव्वीस जबान्याच दिल्या. यंत्रातल्या दिल्या नाहीत. कंपनीचा वकील म्हणाला, या कागदांवर खाडाखोड आहे. मी म्हणालो, आहे, बाई बोलताना थांबली तिथे मीही थांबलो. माझ्या बोलण्याला दहा मिनिटं दिली होती. मी ती गोदाक्काला दिली. ती उठून उभी राहिली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, 'सायेब, तुमच्या हापिसच्या टायमाला खाडी बंद असते.' मागून कोणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी अहवाल उघडला, तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं. तो खाली बघत होता. गोदाक्का म्हणाली, 'बारा तारखेला अवस हाय. संध्याकाळी या. बूट घालून येऊ नका, रुततील.' त्यांनी ते लिहून घेतलं. बारा डिसेंबरला ओहोटीच्या वेळी पुन्हा पाहणी होईल आणि तोवर कुंपणाचं काम थांबलं आहे. पुढे काय होईल ते माहीत नाही. कंपनीचे लोक चहा घेताना चिडलेले दिसले, ते पाहून बरं वाटलं.

आता हर्षद. एकोणीस तारखेच्या रविवारी मी लांज्याला गेलो होतो. त्याच व्यासपीठावर दोन मिनिटं मागून घेतली आणि सांगितलं की दसऱ्याला मी एका माणसाबद्दल खोटं बोललो, दोष माझ्या घरातला होता. टाळ्या पडल्या नाहीत. मग हर्षदच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, म्हणून थांबलो. त्याने बसायला स्टूल दिलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, 'सर, लांज्याला सांगितलंत ते कळलं. पण शाळेने काम दुसऱ्याला दिलंय.'

शाळेच्या समितीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की करार झालेला आहे, आता बदलता येणार नाही, आणि सरांनी या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. त्याला काढताना यांनी एक कागद मागितला नाही, एक प्रश्न विचारला नाही. मी टाळ्यांच्या जोरावर बोललेलं एक वाक्य त्यांना पुरलं. आणि त्याला परत घ्यायचं म्हटल्यावर यांना नियम सापडले. ही माणसं मी घडवली आहेत. तेहेतीस वर्षं त्यांना मीच शिकवलं की मोठ्याने बोलणाऱ्याचं खरं असतं.

सोमवारपासून रोज सकाळी दहाला मी शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसणार आहे. भाषण करणार नाही, घोषणा नाही. हर्षदला परत बोलावेपर्यंत फक्त बसणार आहे. तू तुझी रजा टाक आणि रविवारच्या गाडीने ये. बाक लांब आहे, दोघं मावतात.

हरिकाका